कौटुंबिक कादंबरीतील कारागीर काका-मामा

संकल्पना

कौटुंबिक कादंबरीचा गाभा आईवडील, मुले आणि घराची मालमत्ता यांच्या संबंधांतून तयार होतो. या गाभ्याच्या बाहेर, पण हाकेच्या अंतरावर, एक दुय्यम पात्र युरोपीय कादंबरीत वारंवार भेटते. ते पात्र म्हणजे आईचा किंवा वडिलांचा भाऊ, अथवा तेवढ्याच वयाचा आणि तेवढ्याच अंतरावरचा दुसरा एखादा आप्त. तो हातांनी वस्तू घडवतो किंवा दुरुस्त करतो. त्याचे बोलणे बेताचे असते, संसार नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो, आणि घरातल्या एका मुलावर त्याचा निरपेक्ष जीव असतो. या पात्राला कारागीर काका किंवा कारागीर मामा म्हणता येईल. १७५९ ते १८६१ या सुमारे शंभर वर्षांत ते कसे घडत गेले, हे लॉरेन्स स्टर्न, ई. टी. ए. हॉफमान आणि चार्ल्स डिकन्स यांनी रंगवलेल्या चार व्यक्तिरेखांवरून स्पष्ट दिसते. टोबी शँडी, ड्रोसेलमायर, सॉलोमन गिल्स आणि जो गार्जरी ही त्यांची नावे.

नात्यातील स्थान

वडिलांकडे अधिकार असतो आणि वारसा असतो. मुलाशी त्यांचे प्रेमही या दोन गोष्टींतून गाळून येते. काका-मामाकडे यांपैकी काहीच नसते. तो मुलाला शिक्षा करू शकत नाही, घरातून काढू शकत नाही आणि इस्टेटीचे आमिषही दाखवू शकत नाही. त्यामुळे मूल त्याच्याकडे जाते ते केवळ जावेसे वाटते म्हणून. इंग्लंडमध्ये जमीनजुमला थोरल्या मुलाकडे जाण्याची रीत होती. धाकट्या भावांना सैन्य, धर्मसंस्था किंवा व्यापार यांत पोट भरावे लागे आणि त्यांतले बरेच अविवाहित राहत. कादंबरीकारांना हा काका कल्पनेतून काढावा लागला नाही. तो त्यांच्या आजूबाजूच्या घरांत होताच.

हातकामाचे प्रयोजन

या काकाला कारागीर करण्यामागे कथनाची सोय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पेढीवरच्या बापाचे काम मुलाला दिसत नाही. तो सकाळी निघतो, कागदांत बुडतो आणि संध्याकाळी थकून परततो. कारागिराचे काम मात्र डोळ्यांसमोर चालते. लोखंड तापते, चाक फिरते, मोडलेली वस्तू पुन्हा चालू लागते. मूल तासन्‌तास शेजारी बसू शकते आणि दोघांना बोलण्याची गरजही पडत नाही. शिवाय कार्यशाळा हे घराबाहेरचे दुसरे घर ठरते. घरात असह्य झालेल्या पात्राला पळून जायला लेखकाच्या हाताशी एक जागा तयार राहते. आणि कारागिराच्या हातून बाहेर पडलेली वस्तू कथेत स्वतंत्रपणे हिंडू शकते. चांगल्या लेखकाच्या हातात हा शेवटचा उपयोग सर्वांत मोलाचा ठरतो. त्यावरूनच हे पात्र कथेत मुरले आहे की केवळ शोभेपुरते आहे, हे ओळखता येते.

पूर्वज: टोबी शँडी

लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ ही कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक ट्रिस्ट्रम. त्याचे वडील वॉल्टर शँडी पुस्तकी आणि वादप्रिय. धाकटा काका टोबी हा निवृत्त कॅप्टन. १६९५ सालच्या नामूरच्या वेढ्यात तटाचा दगड लागून त्याच्या जांघेला जखम झाली आणि सैनिकी आयुष्य संपले. ती जखम नेमकी कुठे आणि कशी झाली, हे पाहुण्यांना नीट समजावता यावे म्हणून तो किल्ल्यांचे नकाशे अभ्यासू लागतो. पुढे त्याचा सेवक कॉर्पोरल ट्रिम त्याला हिरवळीच्या मैदानावर छोटे तट, खंदक आणि बुरूज उभारण्याची कल्पना देतो. वर्तमानपत्रात वेढ्याची बातमी आली की त्याप्रमाणे मैदानावरचा किल्ला बदलायचा, हा दोघांचा दिनक्रम होतो.

टोबी व्यवसायाने कारागीर नाही. तो छंदाने घडवणारा आहे. तरीही पुढच्या सगळ्या कारागीर काकांचा तो पूर्वज ठरतो, आणि त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे त्याचा स्वभाव. जेवताना नाकाभोवती घोंघावणारी माशी पकडून तो तिला न मारता खिडकीतून सोडून देतो. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला पुतण्या पुढे सांगतो, की जगाविषयीच्या आपल्या सद्भावनेचा अर्धा वाटा त्या एका कृतीचा आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. टोबीच्या छोट्या तोफांसाठी शिसे हवे असते, म्हणून ट्रिम घराच्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांची शिशाची वजने काढून वितळवतो. वजन नसलेली एक खिडकी खाली कोसळते आणि पाच वर्षांच्या ट्रिस्ट्रमला इजा होते. काकाच्या निरुपद्रवी कारखान्यातून निघालेली एक गोष्ट थेट मुलाच्या शरीरापर्यंत पोहोचते. इतक्या सौम्य माणसाच्या हातूनही अपाय होऊ शकतो, हे स्टर्नने पहिल्याच पिढीत सांगून ठेवले.

घड्याळे दुरुस्त करणारा ड्रोसेलमायर

हॉफमानची ‘नटक्रॅकर आणि उंदरांचा राजा’ ही जर्मन कथा १८१६ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाली. चायकोव्हस्कीच्या १८९२ सालच्या बॅलेमुळे ती जगभर पोहोचली; पण बॅलेत ड्रोसेलमायर हा बहुधा जादूगार म्हणून वावरतो. मूळ कथेत तो न्यायखात्यातला वरिष्ठ अधिकारी आणि श्टालबाउम कुटुंबातल्या मुलांचा धर्मपिता आहे. त्याचे खरे कसब यंत्रांत आहे. घरातले घड्याळ बिघडले की तो येतो, काचेच्या तंतूंचा टोप काढून ठेवतो, निळा एप्रन बांधतो आणि टोकदार हत्यारे घड्याळाच्या आत खुपसतो. लहान मारीला ते पाहून घड्याळालाच दुखत असेल असे वाटते. पण थोड्या वेळाने घड्याळ चालू लागते आणि सगळ्यांना आनंद होतो.

नाताळला तो मुलांसाठी एक यांत्रिक राजवाडा करून आणतो. त्यात छोटी माणसे फिरतात, नाचतात, दारात येतात आणि आत जातात. मुलांना काही वेळाने कंटाळा येतो, कारण ती माणसे प्रत्येक वेळी तेच करतात आणि त्यात बदल होऊ शकत नाही. ड्रोसेलमायर नाराज होऊन राजवाडा आवरायला घेतो. तेव्हा मुलांची आई त्याला आतली यंत्रणा दाखवायला सांगते. तो सारे सुटे करून पुन्हा जोडतो आणि त्याची कळी खुलते. हा प्रसंग या पात्राविषयीचे फार बारीक निरीक्षण आहे. कारागिराला वस्तू आवडते ती तिच्या रचनेसाठी, मुलाला ती हवी असते खेळण्यासाठी. दोघांमधले अंतर प्रेमाने कमी होते, संपत नाही.

ड्रोसेलमायर प्रेमळ आहे तसाच भीतिदायकही. उजव्या डोळ्यावर काळी पट्टी, सुरकुतलेला चेहरा, आणि मध्यरात्री घड्याळावरच्या घुबडाच्या जागी बसलेली त्याची आकृती. मोडलेला नटक्रॅकर दुरुस्त करून तोच आणतो, आणि त्या लाकडी बाहुल्याची खरी कहाणीही तोच सांगतो. पुढे कळते, की नटक्रॅकर म्हणजे त्याच्याच भावकीतला शापित पुतण्या. म्हणजे हा घरच्या मुलांचा मानलेला काका दुसऱ्या एका मुलाचा खरा काका आहे, आणि मारीच्या जिव्हाळ्याचा उपयोग करून तो त्या पुतण्याला सोडवू पाहतो. त्याच्या प्रेमात असा हेतू मिसळलेला आहे, म्हणून चौघांत तो सर्वांत गूढ राहतो.

सॉलोमन गिल्सचे दुकान

डिकन्सची ‘डॉम्बी अँड सन’ ऑक्टोबर १८४६ ते एप्रिल १८४८ या काळात मासिक भागांत प्रसिद्ध झाली. नावातच पेढी आहे. श्री. डॉम्बी हा लंडनचा धनाढ्य व्यापारी. त्याच्या लेखी मुलगा पॉल म्हणजे पेढीचा पुढचा भागीदार, आणि मुलगी फ्लॉरेन्स हिशेबाबाहेरची. या थंड घरासमोर डिकन्स एक छोटे दुकान उभे करतो. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटजवळ, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीपासून थोड्याच अंतरावर, सॉलोमन गिल्स जहाजांची उपकरणे करतो आणि विकतो. दारावर हातात यंत्र धरलेला लाकडी मिडशिपमन उभा आहे. आत दुर्बिणी, होकायंत्रे, सेक्स्टंट, वायुभारमापके आणि सागरी नकाशे इतके घट्ट बसवले आहेत की डिकन्सला ते दुकान समुद्रावर निघण्याच्या तयारीतल्या गलबतासारखे वाटते.

गिल्सच्या अंगात कॉफीच्या रंगाचा जुना सूट, डोक्यावर विणलेली लोकरी टोपी आणि डोळे लाल. त्याच्याबरोबर राहतो तो भाचा वॉल्टर गे. दुकानात गिऱ्हाईक जवळजवळ येत नाही. एखादा येतो तो नाणे मोडून घ्यायला, एखादी येते ती रस्ता विचारायला. बाजारातली स्पर्धा आणि नवी यंत्रे यांनी आपल्याला मागे टाकले, हे गिल्स स्वतःच भाच्याला समजावून सांगतो. म्हणून त्याने वॉल्टरला आपल्या धंद्यात न घेता डॉम्बीच्या पेढीवर कारकून म्हणून लावले आहे. त्या पहिल्या दिवसाच्या आनंदात तो तळघरातली जुन्या माडेरा मद्याची शेवटून दुसरी बाटली काढतो. शेवटची बाटली वॉल्टरचे नशीब उघडेल त्या दिवसासाठी ठेवलेली आहे. कादंबरीच्या अखेरीस ती उघडते, आणि ती पिणाऱ्यांत दिवाळे निघालेला, बदललेला डॉम्बीही असतो.

खिशातले घड्याळ

गिल्सच्या खिशात एक क्रोनोमीटर आहे. त्याच्यावर त्याचा इतका विश्वास, की शहरातली सगळी घड्याळे आणि खुद्द सूर्य चुकला असे तो मानेल, पण या घड्याळावर शंका घेणार नाही. हा तपशील गमतीचा असला तरी त्यामागे त्या व्यवसायाचे खरे ज्ञान आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे. जहाजावरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ जपलेली असेल, आणि सूर्यावरून स्थानिक वेळ काढता आली, तर दोन्हींतल्या फरकावरून रेखांश कळतो. घड्याळ चार सेकंदांनी चुकले तर विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान एका सागरी मैलाने, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटरने चुकते. खडकाळ किनाऱ्याजवळ तेवढी चूक जीवघेणी ठरू शकते.

हे घड्याळ शक्य केले तेही एका सुताराने. रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते. सुतारकाम शिकलेल्या जॉन हॅरिसनने अनेक वर्षे खपून १७५९ मध्ये आपले चौथे सागरी घड्याळ पूर्ण केले, आणि १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत ते कसोटीला उतरले. गिल्स याच परंपरेतला. त्यामुळे त्याची शोकांतिका टोकदार होते. दुसऱ्यांना समुद्रात वाट दाखवणारी उपकरणे करणारा माणूस काळाच्या प्रवाहात स्वतःचे स्थान हरवून बसला आहे. त्याच्या परिसरातला व्यापारही बदलला होता. १८३३ च्या कायद्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने व्यापार थांबवला. मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि चीनकडे जाणाऱ्या तिच्या जहाजांवर लेडनहॉल स्ट्रीटच्या आसपास जे धंदे पोसले गेले होते, त्यांचा जुना आधार उरला नाही.

जप्ती, शोध आणि परतणे

गिल्सच्या दुकानावर सुमारे ३७० पौंडांच्या जुन्या कर्जापायी जप्ती येते. वॉल्टर आणि मामाचा दोस्त कॅप्टन कटल मदतीसाठी डॉम्बीकडे जातात. कटल आपले चांदीचे चमचे आणि घड्याळ तारण म्हणून पुढे करतो. डॉम्बी पैसे देतो, पण निर्णय लहान पॉलकडे सोपवून, त्याला पैशाच्या सत्तेचा पहिला धडा देण्यासाठी. एकच रक्कम एका घरात मामाचे दुकान वाचवते आणि दुसऱ्या घरात मुलाला मालक व्हायला शिकवते. दोन कुटुंबांची तुलना एवढ्या थोडक्या जागेत डिकन्सने क्वचितच केली असेल.

पुढे वॉल्टरला बार्बाडोसला पाठवले जाते आणि त्याचे जहाज बुडाल्याची बातमी येते. तेव्हा गिल्स कोणाला न सांगता दुकानाच्या किल्ल्या कटलसाठी ठेवून भाच्याच्या शोधात समुद्रपार निघून जातो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाची साधने करणारा हा माणूस स्वतः प्रवासाला निघतो. त्याची पत्रे कटलने सोडलेल्या पत्त्यावर जात राहतात, म्हणून कोणालाच पोहोचत नाहीत. दरम्यान बापाने हात उगारल्यावर फ्लॉरेन्स घर सोडून या मालक नसलेल्या दुकानातच आश्रयाला येते. वॉल्टर वाचलेला असतो, मामाही परततो, आणि शेवटी कळते, की गिल्सने कधीतरी गुंतवलेला पैसा आता चांगला फळला आहे. हा शेवटचा तुकडा कादंबरीतला दुबळा भाग आहे. एका कारागिराची काळाशी झालेली चुकामूक बाहेरून आलेल्या पैशाने मिटवली, की तिच्यातला प्रश्न न सुटताच बाजूला पडतो.

डिकन्सचा मूळ बेत निराळा होता. १८४६ मध्ये मित्र जॉन फॉर्स्टर याला लिहिलेल्या पत्रात त्याने वॉल्टरला हळूहळू आळस, उधळेपणा आणि नाशाकडे नेण्याचा विचार मांडला होता. तसे झाले असते तर गिल्सचे प्रेम वाया गेलेले दिसले असते. तो बेत सुटला. पण भल्या कारागिराने वाढवलेला मुलगा त्याच्यापासून दूर जातो ही कल्पना डिकन्सच्या मनातून गेली नाही. चौदा वर्षांनी ती पिपच्या रूपाने आली.

लाइमहाउसचा धर्मपिता

या पात्राचे एक मूळ डिकन्सच्या बालपणात आहे. त्याचे पूर्ण नाव चार्ल्स जॉन हफम डिकन्स. त्यातले ‘हफम’ हे धर्मपिता क्रिस्टोफर हफम याच्यावरून आले. हफम लंडनच्या लाइमहाउस भागात राहत असे. जहाजांचे दोरखंड-शिडे बसवणे आणि डोलकाठ्या, वल्ही व कप्प्या करणे हा त्याचा व्यवसाय होता. फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रात तो सुस्थितीतला आणि मुलाशी मायेने वागणारा म्हणून येतो. दुसऱ्या बाजूला १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या डिकन्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लागावे लागले. कर्जबाजारी बाप आणि गोदीकाठचा स्थिर, हातकाम करणारा धर्मपिता हे दोन नमुने त्याने लहानपणीच पाहिले होते. गिल्स म्हणजे हुबेहूब हफम नव्हे. पण जहाजाच्या सामानाचा वास, आणि तिथे मूल सुरक्षित असते ही खात्री, या दोन गोष्टी तिथून आल्या असाव्यात असे मानायला जागा आहे.

जो गार्जरी

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. पिप हा अनाथ मुलगा. त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठी बहीण त्याला छडी हातात ठेवून वाढवते. तिचा नवरा जो गार्जरी हा केंट परगण्यातल्या दलदलीकाठच्या गावचा लोहार. नात्याने तो पिपचा दाजी लागतो. वयाने आणि वागण्याने काका. घरात तोही पत्नीच्या धाकात असतो, त्यामुळे मूल आणि प्रौढ यांच्यात बरोबरीचे सख्य तयार होते. रोज संध्याकाळी लोणी लावलेला पाव खाताना दोघे आपापला घास किती मोठा पडला हे गुपचूप एकमेकांना दाखवतात. जोला लिहिता-वाचता जेमतेम येते. अंगात ताकद प्रचंड, पण तिचा वापर तो फक्त लोखंडावर करतो.

या कादंबरीत एक मानलेला काकाही आहे. धान्याचा व्यापारी पंबलचूक हा खरे तर जोचा काका. पण पिपची बहीण त्याच्यावर आपला हक्क सांगते, आणि ‘अंकल’ हे बिरूद तो मिरवतो. पिपला पैसा येताच तो पिपच्या भाग्याचा शिल्पकार असल्याचा दावा करतो. पैसा जाताच उपदेश करतो. नाते ज्याच्याकडे नावाने आहे त्याच्याकडे माया नाही, आणि माया ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे नात्याचे नाव नाही. ही रचना डिकन्सने जाणूनबुजून केलेली दिसते.

कानशीचा प्रवास

कारागिराची वस्तू कथेत कशी हिंडते याचा सर्वांत पक्का नमुना म्हणजे जोची कानस. पहिल्याच प्रकरणात पळून आलेला कैदी पिपला धमकावून खाणे आणि कानस आणायला सांगतो. पहाटे पिप स्वयंपाकघरातून भट्टीकडे उघडणारे दार उघडतो आणि जोच्या हत्यारांतून ती उचलतो. कैदी तिने पायातली बेडी कापतो. त्याच दिवशी, नाताळच्या जेवणाच्या वेळी, शिपाई दारात येतात. त्यांच्या हातकडीचे कुलूप बिघडले आहे. जो ती पाहतो, भट्टी पेटवावी लागेल आणि तासापेक्षा दोन तासांच्या जवळ वेळ जाईल असे सांगतो, आणि कामाला लागतो. म्हणजे एकाच दिवशी त्याचे हत्यार कैद्याला सोडवते आणि त्याचा हात त्याच कैद्याला पुन्हा बांधण्याची साधने दुरुस्त करतो. जोला यातले पहिले ठाऊक नाही. कैदी पकडला गेल्यावर लोहाराच्या घरून खाणे आपणच चोरले असे सांगून पिपला वाचवतो. तेव्हा जो त्याला म्हणतो, की ते घेतले त्याबद्दल आपली काही तक्रार नाही, कोणी उपाशी मरावे असे आपल्याला वाटत नाही.

काही वर्षांनी गावच्या खानावळीत एक अनोळखी माणूस पिपला दिसेल अशा बेताने पेल्यातली रम याच कानशीने ढवळतो. पुढे पिपच्या बहिणीवर जीवघेणा हल्ला होतो आणि जवळ एक कापलेली बेडी सापडते. ती बऱ्याच काळापूर्वी कापली गेली आहे, हे जो लोहाराच्या नजरेने ओळखतो. ती कोणाची हे पिपला ठाऊक असते, आणि आपणच हत्यार पुरवले ही टोचणी त्याला लागते. चोरलेली एक कानस अशी कादंबरीच्या गुन्हा-उपकारांच्या साखळीतली पहिली कडी होते. टोबीच्या शिशाच्या वजनांपेक्षा ही रचना पुष्कळ पुढे गेलेली आहे.

न दिलेला वारसा

या सगळ्या काका-मामांत एक समान गोष्ट आहे, आणि ती सहज नजरेतून सुटते. आपली कला ते ज्या मुलावर प्रेम करतात त्याच्याकडे जात नाही. गिल्स वॉल्टरला दुकानात घेत नाही. जो पिपला रीतसर उमेदवारीत घेतो. जवळच्या शहरातली श्रीमंत मिस हॅविशॅम त्यासाठी २५ गिनी देते, करारावर सह्या होतात, तरीही पिपला आता भट्टीची लाज वाटू लागलेली असते. वकील जॅगर्स जेव्हा पिपला ‘मोठ्या अपेक्षा’ असल्याचे सांगून त्याच्या सेवेच्या बदल्यात जोला भरपाई देऊ करतो, तेव्हा जो चिडतो. पैशाने त्याची भरपाई होऊ शकत नाही, आणि मुलाच्या वाटेतही त्याला यायचे नाही. पुढे लंडनमध्ये तो पिपच्या खोलीत येतो, कडक कपड्यांत अवघडतो, त्याची टोपी शेकोटीवरच्या फळीच्या कडेवरून पुन्हा पुन्हा पडते. निघताना तो स्वतःच सांगतो, की भट्टीपासून दूर आपण चुकीच्या जागी असतो. त्यात दुखावलेपण नाही. आपल्या कामाची अचूक जाण आहे.

देण्यासारखे जे उरते ते तो देतो. पिप तापाने पडल्यावर जो त्याची शुश्रूषा करतो, आणि तो बरा होताच न सांगता निघून जातो; मागे ठेवतो ती पिपच्या १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सच्या कर्जफेडीची पावती. घणाने कमावलेल्या पैशात ही रक्कम किती मोठी असेल याची डिकन्स चर्चा करत नाही, तशी गरजही पडत नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर, अखेरीस जो पिपची बालमैत्रीण बिडी हिच्याशी लग्न करतो आणि त्यांच्या मुलाचे नाव पिप ठेवतात. अकरा वर्षांनी परतलेला अविवाहित पिप त्या लहान पिपला फिरायला नेतो. काकाची रिकामी जागा आता त्याच्याकडे आलेली असते, फक्त हातकाम आलेले नसते.

मराठी घरातील स्थिती

मराठी कौटुंबिक कादंबरीत हे पात्र या रूपात रुजले नाही, त्याचे कारण समाजरचनेत आहे. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांचे काम जातीने आणि वंशाने चाले. वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, मिळे. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने नोंदवली. जिथे बापाचे काम मुलाने करणे ठरलेलेच आहे, तिथे आपली कला न देणारा काका संभवत नाही. दुसरे असे, की सुरुवातीची कौटुंबिक कादंबरी पांढरपेशा घरांची होती. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये शंकरमामंजींसारखा ढोंगी आप्त आहे, पण घणाचे किंवा रंध्याचे काम करणारा आप्त त्या घरांत असणे शक्यच नव्हते. परिणामी पात्राचे दोन तुकडे झाले. माया घरच्या मामाकडे गेली आणि हातकाम दाराबाहेरच्या बलुतेदाराकडे राहिले. मुले त्या सुताराला मामा म्हणत असतील, तरी तो पंगतीला बसत नव्हता. या व्यवस्थेत काम करणाऱ्याच्या वाट्याला आलेला अपमान दया पवार यांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये आतून सांगितला. मराठीत आज कोणी कारागीर मामा रंगवणार असेल, तर त्याला हा इतिहास वगळून चालणार नाही.

मर्यादा

हे पात्र सहज बिघडते. त्याला भोळे ठेवले की ते मुलासारखे होते आणि प्रौढ माणूस म्हणून त्याच्या इच्छा, राग, थकवा हे सारे नाहीसे होते. गिल्सच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी घडले आहे. त्याच्या चांगुलपणाला कथेत कोणी आव्हान देत नाही. दुसरी अडचण वर्गाची. वरच्या थरात गेलेल्या नायकाला अपराधी वाटावे एवढ्यासाठीच कारागिराला उदात्त केले, की त्याचे काम मागे पडते आणि तो नायकाच्या सद्सद्विवेकाचे चिन्ह होऊन बसतो. तिसरी उणीव या चारही ग्रंथांना लागू आहे. शिवणकाम हा त्या काळच्या असंख्य स्त्रियांच्या उपजीविकेचा व्यवसाय होता, तरीही मुलाला शेजारी बसवून आपले काम करणारी कारागीर मावशी किंवा आत्या त्यांत नाही. डिकन्सच्याच ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मधली बेट्सी ट्रॉटवुड ही डेव्हिडच्या वडिलांची मायाळू आत्या उत्पन्नावर जगते.

चौघांत जो गार्जरी सर्वांत पूर्ण उतरला आहे. त्याचे काम पानोपानी दिसते, त्याच्या हत्याराने कथा चालते, आणि नकार द्यायची वेळ आली तेव्हा तो देतो. टोबी आणि गिल्स यांच्याबद्दल वाचकाला प्रेम वाटते. जोबद्दल आदरही वाटतो.